पेल्यातला ब्रश

निवृत्त झाल्यावर चित्रकलेचे सर मुलांच्या एका मासिकासाठी माहितीचे छोटे व्हिडिओ करू लागले. चित्रं काढायचे तेच, ती हलतीबोलती करायचेही तेच. 'दात का किडतात?' या व्हिडिओत त्यांनी आई, बाबा, ताई आणि दादा असं चौघांचं हसतं घर काढलं. आरशापुढचा काचेचा पेला तर इतका हुबेहूब उतरला होता, की त्याच्या कडेचा उडालेला टवकाही दिसत होता.

दुपारी संपादिकेचा फोन आला. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी.

"सर, व्हिडिओ छान झालाय. पण घरात माणसं चार आणि पेल्यात ब्रश एकच? मग दात किडणारच की सगळ्यांचे."

सरही हसले. "राहिलंच बघ. आणखी तीन घालतो."

"मनानं काढलंत ना? आणि आम्हाला मात्र ओरडायचात, मनानं काढू नका, समोर बघून काढा."

सरांनी न्हाणीघराच्या उघड्या दारातून आत पाहिलं.


"समोर बघूनच काढलं गं."