मधली भिंत

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी मदतनीस येते, हे कळलं आणि प्रफुलने दोन दिवसांत घराच्या मधोमध भिंत घातली. चार पावसाळे आईच्या खाटेवर छप्पर गळत होतं, तेव्हा त्याला मिस्त्री सापडला नव्हता.

मदतनीस पायल फॉर्म भरायला बसली. "गोकुळाबाई, जवळचं कोणी?"

भिंतीपलीकडचा टीव्ही एकदम बंद झाला.

"पोरगा हाय. घुग्घुसले रायते," म्हातारी पढवल्याप्रमाणे बोलली.

"तुमी पडल्या-झडल्या तं त्याले इथी पोचाले किती वेळ लागते?"

गोकुळाबाईने भिंतीकडे पाहिलं आणि आवाज चढवला.

"लिव बाई. सोमवारी न्हाणीत पडली, तवा हाका मारल्या. आज शुक्रवार हाय. अजून नाई पोचला."