विसावी मुलाखत

“मॅडम म्हणतात, हा स्त्री-अभ्यास नाही, नवऱ्यांचा अभ्यास आहे,” मुलगी म्हणाली आणि तिने कागदांचा गठ्ठा टायपिस्टच्या टेबलावर टाकला.

विद्यापीठामागच्या गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत, टायपिस्ट तीस वर्षं विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करत होता. आधी मशीनवर, आता कॉम्प्युटरवर. या मुलीचा प्रबंध बायकांच्या घरातल्या बोलण्यावर होता. त्या काय बोलतात, कोणाशी बोलतात, आणि ते ऐकतं कोण.

त्याने वरचा कागद पाहिला. जवळजवळ प्रत्येक उत्तराशेजारी मॅडमनी लाल पेनाने लिहिलं होतं, ‘हे कोण बोललं?’

“एकोणीस घरं फिरले, काका. बाईंना विचारावं, तुमचा दिवस कसा जातो, तर शेजारी बसलेला नवरा सांगतो, मजेत जातो. निदान एक तरी मुलाखत अशी हवी, जिच्यात बाई स्वतः बोललीय. नाहीतर मॅडम सही करणार नाहीत. शुक्रवारी पाचच्या आत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द. पाच वर्षं पाण्यात.”

“कमाल आहे एकेकाची,” टायपिस्ट म्हणाला.

बायकोने चहा आणला. कप टेबलाच्या अगदी कडेला टेकला आणि कलंडला. टायपिस्टने घाईने कागद उचलले.

“अगं, बघून ठेवत जा.”

“बघूनच ठेवला होता,” बायको म्हणाली.

“काही बिघडलं नाही,” मुलगी म्हणाली. “काकू, बसा ना जरा. दिवसभर ही खटखट ऐकून कंटाळा नाही येत तुम्हाला?”

“तिला सवय आहे,” टायपिस्ट म्हणाला.

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. मग काकूंकडे. मग तिने विषय बदलला. “काका, या बायकांनी विश्वासाने सांगितलंय हं. बाहेर जायला नको.”

“मी वाचतच नाही. मजकुराशी माझा संबंध नसतो. अक्षर दिसलं की बोट पडतं. पण एक वेलांटी सुटलेली दाखव, त्या दिवशी धंदा बंद करतो.”

“अहो,” बायको आतल्या दारातून म्हणाली, “शुक्रवारी...”

“हं,” पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला. “सामानाची यादी ना? संध्याकाळी सांग, लिहून देतो.”

घरातलं सगळं लिहिणं त्याच्याकडेच होतं. बायको भिंतीला हात लावत आत गेली. मुलगी रिकामा कप ठेवायला तिच्यामागून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. टायपिस्टची दोन पानं तेवढ्यात उरकली.

शुक्रवारी सकाळभर मुलीचा पत्ता नव्हता. टायपिस्ट चडफडत बसला. बाकीचा प्रबंध छापून तयार होता, आणि या आजकालच्या पोरांना वेळेचं भान म्हणून नाही. आतल्या खोलीत बायको बाहेर जायचे कपडे करून, पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती. दुपारचा चहा अजून आला नव्हता, हे त्याला खटकलं.

अडीचला मुलगी धापा टाकत आली. हातात चार कागद होते.

“मॅडमच्या दारात अडकले होते. ही घ्या, विसावी.”

“मिळाली म्हणायची एकजण. कोण आहे?”

“नाव सांगायचं नसतं, काका. नियम आहे.”

“बोलली का नीट?”

“बोलून उपयोग होत नाही म्हणाल्या. लिहून दिलंय. आत्ता करा, माझ्यासमोर. आणि शेवटपर्यंत करा.”

टायपिस्टला राग आला. शेवटपर्यंत न करायला तो काय शिकाऊ होता? पण कागद पाहून तो निवळला. “वा. अक्षर कसं मोठं, सुटं. अशी माणसं प्रबंध का लिहीत नाहीत? ओळी तेवढ्या उजवीकडे उतरत गेल्यात. रेघांचा कागद द्यायचास.”

“रेघांचाच आहे, काका.”

तो कामाला लागला. मुलगी खुर्चीच्या टोकावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

“पाचला वेळ आहे अजून,” तो म्हणाला.

“पाचला आहे,” मुलगी म्हणाली.

प्रश्न तिसरा : महत्त्वाची गोष्ट घरात केव्हा सांगता? ‘जेवताना. तेव्हा हात गुंतलेले असतात, कान तरी मोकळे असतील असं वाटायचं.’

प्रश्न सातवा : त्यावर काय उत्तर मिळतं? ‘हं.’

त्याने तो ‘हं’ अनुस्वारासकट टाइप केला. तीस वर्षांत पहिल्यांदाच मजकूर त्याच्या डोक्यात शिरला. “कसला ठोंब्या नवरा मिळालाय बिचारीला,” तो म्हणाला.

आतल्या खोलीत खुर्ची करकरली.

“टाइप करा, काका,” मुलगी म्हणाली.

तीनला दहा मिनिटं होती. शेवटचा कागद. ओळी आता इतक्या उतरल्या होत्या, की त्याला मान वाकडी करावी लागली.

प्रश्न बारावा : ही मुलाखत द्यायला का तयार झालात?

बोटं सवयीने पडत गेली.

‘शुक्रवारी चार वाजता माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. सोबत घरचं माणूस लागतं. आमच्या ह्यांना तीनदा सांगून झालं. चौथ्यांदा लिहून देते आहे, कारण टाइप करताना ते एक अक्षरही सोडत नाहीत.’