तार आवळल्यावर

ज्ञानदेवांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता आणि कवळी टोचायची. म्हणून सून भाकरी दुधात कुस्करून त्यांना दिवेलागणीलाच वाढायची. बाकीचं घर नंतर एकत्र जेवायचं. त्यांचं सावकाश चघळणं संपेपर्यंत थांबायला कुणाला वेळ नव्हता, आणि थांबा म्हणायचा त्यांनाही कंटाळा आला होता.

मग नातीच्या, उत्कर्षाच्या, दातांना तार बसली. दर महिन्याला डॉक्टरांनी ती आवळली, की तीन-चार दिवस तिला पोळीसुद्धा चावता यायची नाही. मऊ भाताचं ताट घेऊन ती आजोबांसमोर येऊन बसायची.

"आजोबा, ही तार दाताला थोडं थोडं ओढते. एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं. म्हणून इतकं दुखतं."

"आमच्याकडे नुसतंच झिजतं."

ती हसायची आणि गाल धरून ओरडायची, "अहो, हसवू नका ना!"

आज सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात ते तिच्यासोबत गेले होते. डॉक्टरबाईंनी दात तपासले आणि त्या खूश झाल्या. "छान बसलेत सगळे. पुढच्या वेळी तार काढूनच टाकू."

उत्कर्षाने टाळी वाजवली. ज्ञानदेव खुर्चीवरून उठले. त्यांनी चष्मा पुसला आणि नातीच्या उघड्या तोंडात वाकून बराच वेळ पाहिलं.

"बाई, घाई करू नका," ते म्हणाले. "खालचा एक मला अजून तिरका दिसतोय."