तनुजाची खिरापत

ऐक, नुसतं ऐक, मधे बोलू नकोस. डबा तनुजाच्या मांडीवर होता आणि झाकण तिने दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलेलं. पहिलीतली पोर. मांजरी गावातल्या शाळेतला भोंडला. मधे पाटावर खडूने काढलेला हत्ती, फेर धरून झालेला, गाणी संपलेली, आता खिरापत ओळखायची. एकेकीने डबा घेऊन मधे यायचं, बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं की उघडायचं आणि सगळ्यांनी खायचं. नाही ओळखता आलं तर ‘हरलो’ म्हणायचं, आणि तरी उघडायचंच. म्हणजे काहीही झालं तरी झाकण निघणारच, कळलं ना? तनुजाला ते आत्ता, मधे येऊन बसल्यावर कळलं.

कारण आत शिरा होता आणि तो तिने एकटीने केला होता. गणपती उठले तेव्हा आई जी घरातून गेली ती आलीच नव्हती. बाबा नाइट शिफ्ट करून झोपलेले. शाळेचा मेसेज होता, खिरापत घरी केलेलीच आणा. गॅसला हात लावायचा नाही हे तिला पक्कं माहीत. म्हणून तिने स्टुलावर चढून रवा काढला, साखर घातली, वेलचीची पूड घातली, नळाचं पाणी घातलं आणि ढवळत बसली. आईपण ढवळतच तर असते.

तू म्हणशील, नसता नेला. पण मग सगळ्यांनी विचारलं असतं. गेल्या वर्षी मोठ्या गटात असताना आयुषची आई निघून गेली होती, तेव्हा रोज डबा खाताना मुलं त्याला विचारायची, “आली का रे तुझी आई?” तनुजासुद्धा विचारायची.

“गोड की तिखट?”

“गोड.”

“हलवून दाखव!”

तिने हलवला. काहीच वाजलं नाही.

“पेढे!”

“पेढे वाजतात, गप.”

“गुलाबजाम! साखरभात! खीर!”

“नाही. नाही. नाही.”

“पास्ता!” सार्थक ओरडला.

“गोड पास्ता असतो का रे? डोक्यावर पडलायस का?”

सगळे हसले. तनुजाही हसली. कुणालाच ओळखता येत नव्हतं, तिचे गाल लाल झाले होते, आणि जरा वेळ तर ती विसरूनच गेली की आत काय आहे.

मग तिच्या बाकावरची अलिझा उठली आणि तिने सरळ झाकणाला नाक लावलं. “वेलची! ए, शिरा आहे. शिरा ना गं?”

“नाही.”

“खोटं. वास येतोय.”

“नाही म्हटलं ना!”

शाळेतल्या दुर्गाबाई मावशी द्रोण आणि चमचा घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, “ओळखा नाहीतर हरा, पण उरका. माझ्याही घरी देवी बसलीय, ती काय माझ्यासाठी स्वतः आरती करून घेणारे?”

“हरलो! हरलो! उघड!”

तनुजाने नाही उघडला. म्हणाली, “टीचर, मला शू लागलीये.”

“जा ना. डबा ठेवून जा,” ऋतिका टीचर म्हणाली.

“डबा घेऊन जाते.”

अख्खा वर्ग हसला. ऋतिका टीचरही हसली, खाली बसली, तिच्या हातातून डबा हळूच सोडवून घेतला आणि झाकण काढलं.

पांढरा गोळा. फुगलेला रवा, वर पाणी साचलेलं.

“शिराच आहे! सांगितलं होतं ना मी!” अलिझा नाचायला लागली, मग वाकून बघितलं आणि थांबली. “पण हा शिजलाच नाहीये.”

“तुझ्या आईला साधा शिरा येत नाही?” सार्थक म्हणाला.

“आईने नाही केलाय. हिनेच केलाय,” मागून कुणीतरी म्हणालं. “ए तनुजा, तुझी आई कुठंय गं?”

आयुष तेवढा खाली बघत होता.

“आईनेच केलाय,” तनुजा म्हणाली. “आमच्याकडे असाच करतात.”

तिने मावशींच्या हातातला चमचा ओढून घेतला, भरला आणि तोंडात घातला. रवा दाताखाली कचकचला, खरंच, ऐकू आला. गिळला. परत चमचा भरला, परत गिळला. डोळ्यांत पाणी आलं तरी चावतच होती. “मस्त झालाय,” म्हणाली.

वर्गात कुणी हसलं नाही. अलिझा म्हणाली, “मग टीचरना दे ना.”

तनुजाने तिसरा चमचा भरला आणि ऋतिका टीचरच्या तोंडासमोर धरला. “घ्या ना टीचर. आईने सांगितलंय, टीचरना आधी दे.”

बघ आता. सगळा वर्ग टीचरच्या तोंडाकडे बघतोय. नाही खाल्ला तर ही इथल्या इथे खोटी पडणार. आणि खाल्ला, छान झालाय म्हटलं, तर आई घरी आहे असं सगळ्यांसमोर ठरून जाणार, मग उद्यापासून हिला कुणी काही विचारणारच नाही. टीचरसुद्धा नाही.

 चमच्यातलं पाणी टीचरच्या नव्या साडीवर टपटप गळत होतं आणि तनुजा हात खाली घेत नव्हती.

खरं सांग, तू तोंड उघडलं असतंस?