तळाचा रंग

उजनीच्या पाण्यात एका भरधाव मोटारबोटीनं बाळूची होडी उडवली आणि मागं वळूनही न बघता ती निघून गेली. बाळू बुडाला. बोट कुणाची, ते आठ महिने कळलं नाही. तेव्हापासून त्याचा रंगारी भाऊ बिरुदेव कुणाच्याही बोटीचं काम निघालं की पहिला हजर व्हायचा.

आज जुळे सोलापुरात, बंगल्यापुढं ट्रेलरवर ठेवलेली आपली मोटारबोट दाखवत अनिमेषसाहेबांनी विचारलं, "तळाला शेवाळ धरू नये म्हणून रंग लावावा लागेल का रे?"

बिरुदेव वाकला. तळावर हातभर ओरखडा होता आणि त्यात पोपटी रंग रुतून बसला होता. बाळूच्या होडीसाठी तो रंग उरल्यासुरल्या डब्यांतून बिरुदेवनंच कालवला होता. त्याची कानशिलं तापली, पण आवाज त्यानं चढू दिला नाही.

"नको साहेब. कायम पाण्यात ऱ्हाणाऱ्या बोटीलाच शेवाळ धरतंय. तुमची तर ट्रेलरवर असती की."

"मग हा ओरखडा तरी बुजव."

"बुजवतो की. सामान घिऊन येतो. तवर हात लावू नका."

फाटकाबाहेर येताच त्यानं पोलीस ठाण्यात फोन लावला.



"साहेब, बाळूला मारणारी बोट घावली. लवकर या, मी अजून रंग दिलेला न्हाय."