रांजणाखालचं मांडूळ

फोनवर लंकाबाईचा कापरा आवाज ऐकला आणि सर्पमित्र वाल्मिक पाथर्डीहून गाडी दामटत आला. सगळी वस्ती ऊसतोडीला गेलेली. उघडं दार तेवढं म्हातारीचंच. रांजणाखालची गार वाळू उकरून त्यानं हातभर मांडूळ अलगद बाहेर काढलं.

"भिऊ नका, आजी. ह्याला विषच न्हाई, लई गरीब जनावर. लांब माळावर सोडून येतो."

"सोडायला कोन म्हनलं तुला?" लंकाबाई खेकसली. "दिवाळीपासनं आमी दोघंच हाय हितं. रोज सांजच्याला वाळू हालायची. चार दिस झालं, हाललीच न्हाई." ती वाकून त्याच्या हाताकडं बघू लागली. "जित्तं हाय का, तेवढं सांग."