शेवटचा चढ

मुलांनो, डोळे मिटा आणि शाहू महाराजांच्या काळातलं कोल्हापूर मनात आणा. एका इनामदारांकडे विक्रेत्यानं मऊ गादीची नवी मोटार आणली होती. ती पन्हाळ्याचा घाट चढली, तर इनामदार ती घेणार आणि बग्गीचे दोन्ही घोडे विकणार, असं ठरलं होतं.

इनामदार मोटारीत बसले. न जाणो, म्हणून मागून रिकामी बग्गी घेऊन गाडीवान कुतुबुद्दीन निघाला. शेजारी त्याची लेक जुलेखा होती. गादी इतकी मऊ, की इनामदारांना वाटेतच झोप लागली. आणि ऐन चढावर मोटार बंद पडली.

"मालक उन्हात भाजतील की! जुंप घोडे," विक्रेता कुजबुजला.

मालक उन्हात म्हटल्यावर कुतुबुद्दीनला नाही म्हणता येईना. त्यानं बग्गीचे घोडे सोडून मोटारीला जुंपले. घोड्यांनी जीव तोडून ती वर आणली, आणि विक्रेत्यानं त्यांना घाईघाईनं बाजूला नेऊन बांधलं.

इनामदार जागे झाले. "वा! शेवटचा चढ तर कळलाबी न्हाय. आवाज न्हाय, धक्का न्हाय! घेतली मोटार. कुतुबुद्दीन, घोडे उद्याच बाजारात काढ."

"सरकार, शेवटी घोड्यांनीच ओढली की…"

"गप रे! घोड्यांची वकिली पुरे आता."

विक्रेत्यानं हसत सगळ्यांना पेढे वाटले.


जुलेखानं आपल्या पेढ्याचे दोन तुकडे केले आणि फेसाळलेल्या दोन्ही तोंडांत एकेक भरवला.